बोगदेमास्तरांचा आल्बम

कुठल्याही घरात शिरल्यावर ते आधी मोरी बघत. दिवाणखाना, व्हरांडा, समोरची बाग यांच्याकडे ढुंकूनही बघायचे नाहीत. चपला दाराबाहेर काढायच्या, खांद्यावरचं कॅमेऱ्याचं तिकाटणं भिंतीला टेकवायचं आणि थेट मागे जायचं. मोरीत उकिडवं बसून तांब्याभर पाणी ओतायचं, ते कुठून कसं वाहून जातं ते बघायचं, वाकून वास घ्यायचा. मग गुडघ्यावर हात देऊन उठायचं आणि मला सांगायचं, "वहिनी, पोटानं बरं आहे." नाहीतर, "वहिनी, पोट बिघडलंय याचं."

घराचं पोट म्हणजे मोरी. कौलं म्हणजे डोकं. खिडक्यांना मात्र ते डोळे म्हणत नसत, नाक म्हणत. "डोळ्यांनी आपण बघतो. घराला काय बघायचंय? घराला श्वास घ्यायचाय."

लोणावळ्यात त्यांना सगळे बोगदेमास्तर म्हणत. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नव्हतं. रेल्वेत ते फोटो काढायच्या कामावर होते. घाटातले बोगदे, पूल, दरडी यांचे फोटो काढून साहेबापुढे ठेवायचे. कुठे भेग पडली, कुठे दगड सुटला, कुठून पाणी झिरपतंय. बावीस वर्षं त्यांनी हेच केलं. नुसता देखावा म्हणून एक फोटो त्यांनी जन्मात काढला नव्हता. नोकरी संपल्यावर भांगरवाडीत दोन खोल्या घेऊन राहिले. एका खोलीत स्वयंपाक, दुसरी खिडक्यांना काळं कापड लावून फोटोच्या काचेच्या प्लेटा धुवायला. औषधांनी बोटं कायमची तपकिरी झालेली, त्यामुळे नवा माणूस त्यांच्या हातून पानसुपारी घ्यायला बिचकायचा. लग्न केलं नव्हतं. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "बोगद्यात मुली सांगून येत नाहीत."

ते माझ्या यजमानांचे स्नेही. आमच्या घरी बंगल्यांच्या किल्ल्या असत. मुंबईच्या पारश्यांनी, शेटजींनी लोणावळ्या-खंडाळ्याला बंगले बांधलेले. वर्षातून महिनाभर ते येत, बाकीचे दिवस घर भाड्यानं द्यायचं, माळ्यांवर नजर ठेवायची, कौलं शाकारून घ्यायची, हे काम यजमान करीत. अठरा किल्ल्या होत्या. स्वयंपाकघराच्या भिंतीवर ओळीनं खिळे आणि प्रत्येक किल्लीला नाव लिहिलेली लाकडी चकती.

यजमान विषमज्वरानं तीन आठवड्यांत गेले. मी तेव्हा एकोणतीस वर्षांची होते. तेराव्यानंतर तळेगावहून मोठे दीर मला न्यायला आले. सामान बांधून झालं होतं. किल्ल्या तेवढ्या भिंतीवर राहिल्या होत्या. मी म्हटलं, "उन्हाळ्याची गिऱ्हाइकं येऊन जाऊ देत भावोजी, मग येते." ती गिऱ्हाइकं काही संपली नाहीत आणि मी काही तळेगावला गेले नाही.

पण बाईच्या हाती किल्ल्या म्हटल्यावर अर्ध्या मालकांनी त्या परत मागून घेतल्या. भिंतीवर नऊ उरल्या. गिऱ्हाईक मिळवायचं तर वर्तमानपत्रात जाहिरात द्यायची, आणि सगळ्या जाहिरातींत शब्द तेच. हवेशीर, प्रशस्त, स्टेशनपासून जवळ. ज्या घरातून स्टेशनवरची शिट्टीसुद्धा वारा असला तरच ऐकू यायची, तेही स्टेशनपासून जवळ. गिरगावातल्या माणसाला माझं घर आणि शेजारच्या दलालाचं घर यातला फरक कळायचा कसा?

माझ्या भावाचं गिरगावात चष्म्यांचं दुकान होतं. त्यानं लिहिलं, "इथे लोक विचारतात, घरं दिसतात कशी? तुझ्याकडे फोटो नाहीत का?" त्या काळी फोटो माणसांचे निघत, तेही लग्नात. रिकाम्या घराचा फोटो कोण काढणार? मी मास्तरांकडे गेले.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "उभ्या घरांचे फोटो?"

"हो."

"पडायला आलेली नाहीत?"

"नाहीत हो."

"मग त्यात फोटो काढण्यासारखं काय आहे?"

तरी आले. पहिलं घर वळवणला होतं. पहिल्या दिवशी कॅमेरा पेटीतून काढलाच नाही. एकेका खोलीत मांडी घालून बसले, तास तास. मी दारात उभी. "काय करताय मास्तर?" तर म्हणाले, "उजेड कुठून येतो आणि कुठे जातो ते बघतोय." दुसऱ्या दिवशीही तेच. दहानंतर ते फोटो काढत नसत. "उन्हं डोक्यावर आली की घर डोळे मिटून घेतं," म्हणत. घराला डोळे नसतात हे आपणच सांगितलंय, याचा तेव्हा त्यांना विसर पडलेला असे. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पाच फोटो काढले आणि आठवड्यानं छापून आणून दिले.

मला रडू यायचं बाकी राहिलं. पहिला फोटो मोरीचा. दुसरा विहिरीचा. तिसरा जिन्याचा, त्यात त्यांची रेल्वेतली काळ्यापांढऱ्या पट्ट्यांची काठी उभी केलेली. एक पट्टी म्हणजे एक फूट. चौथा कौलांचा, एक कौल फुटलेलं. पाचव्यात कुठे व्हरांडा. आणि प्रत्येकाखाली त्यांच्या रेल्वेच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं. "विहीर. वैशाखात तीन परस खोल पाणी." "जिना. पायऱ्या उंच. वृद्धांनी जपून." "कौल फुटले आहे. बदलण्यास सांगितले."

"मास्तर, यात घर कुठे आहे?"

"हे सगळं घरच आहे, वहिनी."

"पण बाग? समोरून बंगला किती छान दिसतो."

"समोरून सगळेच छान दिसतात. मी साहेबाला बोगद्याचं नुसतं तोंड दाखवलं असतं तर त्यानं मला घरी पाठवलं असतं."

दुसरं काही हातात नव्हतं म्हणून मी तेच फोटो आल्बमात चिकटवून भावाकडे पाठवले. त्यानं तो आल्बम दुकानाच्या गल्ल्याशेजारी ठेवला. चष्म्याची काच बसेपर्यंत लोक चाळत बसायचे. दहा-बारा दिवसांत एक पारशी बाई माझ्या दारात उभी. हातात विहिरीचा फोटो, आल्बमातून सरळ उचकटून आणलेला.

"आ विहीरवालं घर तुमचं काय?"

"हो, माझ्याकडेच आहे."

"मला तेच पायजे. बाकी सगळे लोक बाग दाखवते. दोन महिने बाग पिऊन राहायचं काय आमी?"

त्या बाई पुढे सात वर्षं त्याच घरात उन्हाळा काढायला येत राहिल्या. आल्याबरोबर आधी विहिरीत डोकवायच्या.

फोटोत माणूस असलाच पाहिजे, हा मास्तरांचा आणखी एक हट्ट. बोगद्याच्या तोंडाशी ते एखाद्या गँगमनला उभं करीत, म्हणजे उंची कळते. तसंच घराच्या दारात. तो मान कायमचा खंडूला मिळाला. खंडू वळवणचाच, चार बंगल्यांचं माळीकाम करायचा आणि मास्तरांचं सामान वाहायला हौसेनं यायचा. त्याला फोटोचं भारी अप्रूप.

"मास्तर, आज लाल फेटा बांदू का पिवळा?"

"फोटोत दोन्ही काळेच येणार."

खंडूनं जरा विचार केला. "मंग लालच बांदतो. पिवळा लय मळलाय."

असा लाल फेटा बांधून काळ्या फेट्यातला खंडू माझ्या प्रत्येक घराच्या दारात उभा होता. गिरगावात भावाला लोक विचारायचे, "तो फेटेवाला सगळ्या घरांबरोबर मिळतो का?"

तुंगार्लीच्या एका मालकाची फार इच्छा होती की गच्चीवरून दिसणारा नागफणीचा सुळका फोटोत यावा. मास्तर अकरा सकाळी गेले. अकराही सकाळी धुकं. बाराव्या दिवशी आभाळ निवळलं, सुळका लख्ख दिसला, फोटो झाला. पण मास्तरांनी आधीच्या अकरा सकाळींतली एक प्लेट ठेवून दिली होती. आल्बमात दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले. एकात सुळका. दुसऱ्यात गच्चीचा कठडा, खंडूचा अर्धा फेटा आणि पुढे सगळं पांढरं. खाली लिहिलं, "जून ते सप्टेंबर असे दिसेल." मालक माझ्यावर भडकले. मी मास्तरांना तो दुसरा फोटो काढून टाकायला सांगितलं. ते म्हणाले, "काढा. पण मग पावसाळ्यात येणाऱ्याला सुळका तुम्ही उभा करून द्या." फोटो राहिला. आणि गंमत म्हणजे नवीन लग्न झालेल्या एका जोडप्यानं त्याच फोटोवर बोट ठेवलं. त्यांना धुक्यातलंच घर हवं होतं.

घर भाड्यानं गेलं की आठ-पंधरा दिवसांनी मास्तर तिकडे एक चक्कर टाकायचे. "घराचं आणि माणसांचं जुळलं का बघून येतो," म्हणायचे, एखाद्या मुलीला सासरी भेटायला जावं तसे. गिऱ्हाइकांना आधी चमत्कारिक वाटायचं. मग सवय व्हायची, चहा व्हायचा, आणि मास्तर जाता जाता मोरीत डोकावून यायचे.

युद्ध सुरू झालं. जपान लढाईत उतरल्यावर मुंबईवर बाँब पडणार म्हणून लोक मिळेल त्या गाडीनं बाहेर पडायला लागले. लोणावळ्यात गोठेसुद्धा भाड्यानं जात होते. अशा दिवसांतही माझ्याकडचं एक घर रिकामं होतं. तुंगार्लीच्या उतारावर, डोंगर खणून काढलेल्या जागेत बांधलेलं. मागे दरड अडवायला दगडी भिंत, आणि त्या भिंतीला जवळजवळ चिकटून घराची मागची खोली. मास्तरांनी त्याचेही पाच फोटो काढले होते. चार बरे होते. पाचवा मागच्या खोलीतल्या भेगेचा. खिडकीच्या कोपऱ्यापासून जमिनीपर्यंत तिरकी गेलेली भेग, शेजारी काठी. खाली लिहिलेलं, "भेग. पावसाळ्यात वाढते काय ते पाहिल्याखेरीज या खोलीत वस्ती नको."

ज्याला ज्याला फोटो दाखवले त्यानं त्यानं पाचव्याशी मान हलवली. मालकाचं पत्र आलं. तुमच्या त्या फोटोवाल्यामुळे माझं घर पडून आहे, महिनाअखेर गेलं नाही तर किल्ली परत करा. ती किल्ली गेली की तिच्यामागे त्यांच्या भाच्याच्या दोन किल्ल्याही जाणार होत्या. त्याच आठवड्यात मुंबईहून एका गृहस्थांचं पत्र आलं. बायको, दोन मुलं आणि अंथरुणाला खिळलेली आई. कुठेही, कसंही घर द्या. मी पाकिटात फोटो घातले. मग पाचवा बाहेर काढला, पोळपाटाखाली ठेवला आणि पाकीट चिकटवलं.

हे मी आजवर फार थोड्या लोकांना सांगितलं आहे.

ज्येष्ठात ती माणसं राहायला आली. गृहस्थांची मुंबईला नोकरी, ते शनिवारी येऊन सोमवारी परत जात. घरात इंदूताई, दोन लहान मुलं आणि आजी. आजींचं खुब्याचं हाड मोडलेलं, उठता येत नव्हतं. पंधरा दिवसांनी मास्तर नेहमीसारखे चक्कर टाकायला गेले आणि तासाभरात माझ्याकडे आले. छत्री दाराशी ठेवली, पाटावर बसले. मी चहा टाकला.

"वहिनी, मी पाच फोटो दिले होते."

"हो."

"पोचले चार."

मी चुलीकडे बघत राहिले.

"मागची खोली शांत आहे म्हणून आजींची खाट तिथेच टाकली आहे. भेगेला लागून."

मी पोळपाट उचलला आणि खालचा फोटो त्यांच्यापुढे ठेवला. मला वाटलं आता बोलतील. त्यांनी फोटोवरचं पीठ धोतराच्या सोग्यानं पुसलं, चहा बशीत ओतला, प्याले. म्हणाले, "काच लागेल."

भेग हलते का ते बघायची रेल्वेची रीत होती. भेगेवर आडवी काचेची पट्टी दोन्ही बाजूंना सिमेंटनं चिकटवायची. भिंत केसभर जरी सरकली तरी काच तडकते, कारण काचेला ताणता येत नाही. पण युद्धात काच मिळत नव्हती. मी त्यांच्या मागोमाग भांगरवाडीला गेले. त्यांनी खाटेखालून लाकडी खोका ओढला. त्यात त्यांच्या बोगद्यांच्या प्लेटा होत्या. नोकरी सोडताना साहेबाकडून मागून आणलेल्या, एकेक कागदात गुंडाळलेली. त्यांनी सहा निवडल्या. प्रत्येक उजेडात धरून बघितली. "हा पहिल्या पावसाळ्यातला," एकदा म्हणाले. मग सोडा घातलेल्या कढत पाण्यात त्या सोडल्या. थोड्या वेळानं काचेवरची काळी साय सुटून वर आली, बोगदे, पूल, तोंडाशी उभे राहिलेले गँगमन, सगळं. त्यांनी घमेलं मोरीत ओतलं आणि पाणी नीट गेलं का ते बघितलं.

"मास्तर, दुसरी काच शोधू आपण. मी पुण्याला माणूस पाठवते."

"पाऊस थांबेल का पुण्याचा माणूस येईपर्यंत?"

काच कापायच्या हिरकणीनं त्यांनी प्रत्येक प्लेटेची एक लांब पट्टी कापली. मी त्यांच्याबरोबर तुंगार्लीला गेले. ते भेगेवर पट्ट्या चिकटवत होते तोवर मी इंदूताईंना समोर बसवून सगळं सांगितलं. भेगेचा फोटो होता, तो मी काढून घेतला. त्या माझ्यापेक्षा लहान होत्या. उठून त्यांनी मागच्या खोलीत डोकावून बघितलं. मग म्हणाल्या, "दुसरं घर आहे का तुमच्याकडे?"

"नाही. माझ्या दोन खोल्या आहेत. त्यात या."

"सासूबाईंना हलवायचं म्हणजे चार माणसं लागतात. हे आल्यावर विचारते." गृहस्थ शनिवारी आले, माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत, पण मुंबईला परत न्यायचं धाडसही त्यांना होईना. शेवटी आजींची खाट पुढच्या खोलीत आणली, मागच्या खोलीला कुलूप घातलं, किल्ली मास्तरांकडे दिली.

त्या दिवसापासून रोज सकाळी दहाला मास्तर कॅमेऱ्याची पेटी घेऊन तुंगार्ली चढत. मीही जाऊ लागले. वाटेत आम्ही फारसं बोलत नसू. मी एकदा म्हटलं, "मास्तर, मला काहीतरी बोला तरी." ते म्हणाले, "पाय जपून टाका, शेवाळ आहे." एवढंच.

आजींची मात्र त्यांच्याशी गट्टी जमली. ते कुलूप उघडून आत काचा बघून येत आणि मग आजींच्या खाटेशी टेकत.

"तू फोटो काढतोस म्हणे."

"हो."

"माझा काढ एक. गेल्यावर भिंतीला लावायला हवा. आमच्या यांचा नाही राहिला, माझा तरी असू दे."

"आजी, मी माणसांचे काढत नाही. भिंतींचे काढतो."

"मी काय भिंतीपेक्षा वाईट दिसते?"

रोज हाच संवाद. मुलं तो आधीच म्हणून दाखवायची.

आषाढ गेला. श्रावणात सतत चार दिवस पाऊस लागून राहिला. पाचव्या दिवशी आम्ही पोचलो तेव्हा खंडू दारात उभा होता. बागेतलं पाणी काढून द्यायला मास्तरांनीच त्याला तिथे नेमलं होतं, फाटकाशी खोप घालून. "मास्तर, मागं दगुड बोलाया लागल्यात," तो म्हणाला. मास्तरांनी कुलूप काढलं. सहा पट्ट्यांपैकी वरच्या दोन तडकल्या होत्या. आम्ही बघत असताना तिसरी तडकली. अगदी बारीक आवाज झाला, बांगडी पिचावी तसा.

त्यांनी दार ओढून घेतलं. आवाज चढवला नाही. "वहिनी, मुलांना घेऊन फाटकाशी खंडूच्या खोपीत जा. इंदूताई, तुम्ही पण. सामान राहू द्या."

आजी मात्र हटून बसल्या. "असल्या पावसात मला कुठे नेता? मोडलेलं हाड आहे माझं. मी इथेच बरी. व्हायचं ते होऊ दे." इंदूताई रडायला लागल्या. खंडू खाटेला हात घालायला गेला, तर आजींनी त्याला काठी दाखवली.

मास्तर खाटेशी गेले आणि म्हणाले, "आजी, चला. फोटो काढतो."

आजींनी त्यांच्याकडे बघितलं. "आत्ता?"

"आत्ता उजेड बरा आहे. खोपीत चांगला येईल."

"माझी शाल?"

मागे दगड बोलत होते. मला ते आता पुढच्या खोलीतही ऐकू येत होतं, जात्यात खडा अडकावा तसं. "कुठली शाल आजी?" मास्तरांनी विचारलं.

"लाल. पेटीत आहे. आणि माझी नथ."

मास्तरांनी स्वतः पेटी उघडली. शाल काढली, झटकली, आजींच्या खांद्यांवर नीट घातली. नथ इंदूताईंनी घातली. मग आजींना वेताच्या खुर्चीत बसवलं, पुढून खंडू, मागून मास्तर, मी वर छत्री धरली, आणि इंदूताई मुलांना घेऊन बरोबर. आजी वाटभर सांगत होत्या, "हळू, केस विस्कटतील."

खोपीत पोचून पुरता श्वासही घेतला नव्हता. दरडीची भिंत मध्येच पोटातून फुगली आणि बसली. मोठा धडाका वगैरे झाला नाही. तांबड्या चिखलाचा एक लोट मागच्या खोलीत शिरला, आणि ती खोली उसाच्या चिपाडासारखी दबली. कौलं एकेक करून घसरत राहिली. पुढची खोली उभी राहिली, पण तिच्या मधल्या दारातून चिखल आजींच्या खाटेपर्यंत आला होता.

मुलं मला घट्ट धरून होती. येताना खोपीत टेकवलेल्या पेटीतून मास्तरांनी कॅमेरा काढला आणि तिकाटणं खोपीच्या दारात उभं केलं. त्यांच्याकडे एकच कोरी प्लेट उरली होती, हे मला माहीत होतं. युद्धात नवी मिळतच नव्हती. मला वाटलं बावीस वर्षांची सवय, आता दरडीचा फोटो घेणार. मालकाला दाखवायलाही तो हवाच होता. पण कॅमेऱ्याचं तोंड आत होतं, आजींकडे.

"मास्तर, घराचा काढायचा ना?"

"घराचा मी आधीच काढलाय, वहिनी."

मी मान खाली घातली. पुढे कधी त्यांनी तो विषय काढला नाही.

ती सगळी माणसं दिवाळीपर्यंत माझ्या दोन खोल्यांत राहिली. गृहस्थ आले, त्यांनी आईला बघितलं, मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्हाला काय म्हणावं तेच कळत नाही मला." मलाही कळत नव्हतं. इंदूताई मात्र चार दिवसांनी माझ्याबरोबर भाजी निवडायला बसल्या, आणि तेवढ्यानं मला पुष्कळ झालं. मालकानं किल्ली परत नेली, भाच्यानंही नेल्या. भिंतीवर सहा राहिल्या. पण गिरगावात गोष्ट पसरली. लोक भावाच्या दुकानात येऊन विचारायचे, "भेगा दाखवणारा आल्बम तो हाच का?" एक वर्ष गेलं आणि मालक आपणहून किल्ल्या घेऊन यायला लागले. पुढे तेवीस खिळे झाले. मी एकही फोटो पुन्हा कधी पाकिटातून काढला नाही. घरं त्यामुळे अडली असतील थोडी. पण गेली ती टिकली.

युद्ध संपता संपता मास्तरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. शस्त्रक्रिया एका डोळ्याला मानवली नाही, दुसऱ्याची त्यांनी करू दिली नाही. तळेगावला त्यांची धाकटी बहीण होती, तिच्याकडे जाऊन राहिले. मी महिन्यातून एकदा जायची. ओटीवर भिंतीला टेकून बसलेले असत. पावलांवरून मला ओळखायचे आणि घरांची चौकशी करायचे, जशी कुणी नातेवाइकांची करावी. वळवणचं जिन्याचं लाकूड बदललं का? खंडाळ्याच्या घरात वाळवी परत नाही ना आली? माझं तिकडे तळेगावात सासर, पण मी स्टेशनवरून आधी मास्तरांकडेच जायची.

अशाच एका फेरीत मी त्यांच्यासाठी बातमी नेली. आजी मुंबईला वारल्या, झोपेत गेल्या. इंदूताईंनी लिहिलं होतं की खोपीतला फोटो मोठा करून चौकटीत बसवला आहे, आणि खाली काढणाऱ्याचं नाव लिहायचं आहे, तर मास्तरांचं पूर्ण नाव कळवा.

मास्तरांनी ऐकलं. "माझं कशाला? मी गेलो नाहीये. आजींचं लिहायला सांगा." मग म्हणाले, "त्यांचं नाव काय हो वहिनी?"

मला माहीत नव्हतं. तीन महिने त्या माझ्या घरात होत्या. मी त्यांना भात कालवून दिला होता, वेणी घातली होती, पण नाव विचारलं नव्हतं. आम्ही सगळे आजीच म्हणायचो.

"विचारून घ्या," मास्तर म्हणाले. "फोटोखाली नाव नको का?"

मी पत्र टाकलं. इंदूताईंचं उत्तर आलं ते कार्ड घेऊन पुढच्या आठवड्यातच तळेगावला गेले. थंडीचे दिवस होते, मास्तर ओटीवर उन्हात बसले होते, अंगावर बहिणीची जुनी शाल. मी शेजारी बसून कार्ड वाचलं. आजींचं नाव भागीरथी. माहेरचं नावही इंदूताईंनी लिहिलं होतं, ते चंद्रभागा.

मास्तरांनी दोन्ही नावं एकदा पुटपुटून बघितली. तपकिरी बोटांनी मांडीवर अक्षरं मोजली.

"दोन्ही लिहायला सांगा," ते म्हणाले. "चौकट मोठी आहे ना? मावतील."

फेब्रुवारीत ते गेले. मी इंदूताईंना कळवलं, आणि त्यांना मास्तरांचं पूर्ण नावही लिहून पाठवलं, त्यांनी नको म्हटलं होतं तरी.